गरीब गाय

आल्याच्या चहाचा वास आला की मला माझी ती सही आठवते. शेजारचं पोरगं पोलिसात निवडलं गेलं, तेव्हा चारित्र्य पडताळणीला आलेल्या हवालदारांना मी असाच चहा पाजला आणि ‘स्वभावानं गरीब गाय’ असं सांगून ऐटीत सही ठोकली. त्यानं गल्लीत दोघांची डोकी फोडलेली मला ठाऊक होतं, पण शेजारधर्म! दोन वर्षांनी राजारामपुरीच्या चौकात, रिक्षा जरा पुढं लावली म्हणून, वर्दीतल्या त्या पोरानं माझ्यादेखत एका म्हाताऱ्या रिक्षावाल्याच्या कानफटात मारली. वर मला बघून हसला, “काका, बरं हाय न्हवं?” तो गेल्यावर म्हातारा गाल धरून म्हणाला, “पावणं, तुम्ही बघितलंय. साक्ष द्या की!” मी चपलेचा अंगठा न्याहाळत राहिलो. माझी साक्ष आजही त्या पोराच्या फायलीत आहे, सहीनिशी.