वहिनीची पीएच.डी. मी बाजारात फुकट वाटली

वहिनीची पीएच.डी. मी एका सकाळीत, पंचवटीच्या भाजीबाजारात, फुकट वाटून टाकली.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. वहिनी नर्सिंग कॉलेजात शिकवायची आणि नोकरी सांभाळून पीएच.डी. करायची. म्हणजे सकाळी डबे, दिवसभर कॉलेज आणि संध्याकाळी कुकरच्या शिट्ट्या मोजत संशोधन. विषय होता, परिचारिकांना ड्यूटीवर मिळणारी विश्रांती. दोन वर्षं एस.टी.ने जिल्हा पालथा घालून तिने एकशेचाळीस प्रश्नावल्या भरून आणल्या होत्या. (वेळ लागणारच. विश्रांतीबद्दल लिहायला बायांना विश्रांती कुठे होती?)

मी तेव्हा बावीस वर्षांची आणि सगळ्या जगावर चिडलेली. कागदाच्या नासाडीविरुद्ध आमचा पाच जणांचा गट होता. पत्रकं फक्त पाठकोऱ्या कागदावर छापायची, हा माझा नियम. घरातला एका बाजूने कोरा कागद दिसला की मी जप्त करायचे. दादाने लग्नपत्रिका तर माझ्यापासून लपवून ठेवल्या होत्या.

त्या रविवारी शिलाई मशीनवर कागदांचा गठ्ठा दिसला. सगळ्यांची पाठ कोरी. शिकल्यासवरल्या घरात ही उधळपट्टी! पुढची बाजू मी वाचलीच नाही. संताप झाला की मला वाचता येत नाही. सायक्लोस्टाइलवर पत्रक छापलं, नीट घड्या घातल्या आणि दहा वाजेपर्यंत वाटूनही झालं. शेवटची ओळ ठळक होती: हे पत्रक फेकू नका, पुन्हा वापरा.

जेवायला घरी आले तर वहिनी मशीनखाली वाकून काहीतरी शोधत होती.

"ज्योती, इथला गठ्ठा बघितलास?"

"तो होय? वाटला."

"कुणाला?"

"जनतेला."

वहिनी मशीनच्या स्टुलावर बसली. "उद्या नऊ वाजता पुण्याहून माझे गाईड सर येतायत. मूळ प्रती मोजून सही करणार. सही नाही झाली तर माझी नोंदणी रद्द."

दादाने स्कूटर काढली. बाजारात पहिली गाठ मेथीवाल्या मावशींशी.

"मावशी, सकाळचं पत्रक परत द्या ना."

"अगं, सकाळी घ्या घ्या करत होतीस, आता द्या द्या? इलेक्शनला उभी हाय का काय? माझं नेलं त्या वणीच्या पाव्हण्यानं. तो बघ, गाडीत चढला."

मी धावत वणीच्या गाडीत शिरले. पाव्हणे खिडकीपाशी मन लावून वाचत होते.

"ताई, हे बघा. 'ड्यूटीवर जेवायला किती वेळ मिळतो?' तर बाईनं लिहिलंय, 'कोणत्या वर्षी?' लय खरं लिहिलंय. तुम्हीच लिहिलं का?"

"नाही. मी मागची बाजू लिहिलीय."

"मागं पण काही हाय?"

तो कागद हिसकून मी उतरले आणि आयुष्यात पहिल्यांदा देवाला हात जोडले. म्हटलं, लोकांनी माझं ऐकलेलं नसू दे. पुन्हा वापर केलेला नसू दे. कुणाच्या पुड्या बांधल्या जायला नकोत, कुणाच्या डब्याखाली जायला नको.

देवाने लगेच ऐकलं. बाजाराच्या कोपऱ्यात झाडूवाल्या आक्का एका ढिगाला काडी लावायच्या बेतात होत्या.

"आक्का, थांबा! माझे कागद!"

"तुमचेच हायेत, माहितीय मला. दर रविवारी असतात. तुमचे लगेच ओळखू येतात. बाकीच्यांचे चुरगाळलेले असतात, तुमच्या घडीला कोणी हातच लावत नाय."

कोथिंबिरीच्या काड्या झटकत आम्ही तिघांनी घरी कागद क्रमवार लावले. एकशे एकोणचाळीस. क्रमांक बावन्न नाही. वहिनीचे डोळे भरून आले. ती बावन्न नंबरची परिचारिका सुरगाण्याच्या आरोग्य केंद्रातली होती. तिच्यासाठी वहिनी तीनदा एस.टी. बदलून गेली होती.

तेवढ्यात दादाने माझी झोळी झटकली. एक काळाकुट्ट बोळा पडला. छपाईनंतर हातांची शाई मी त्यालाच पुसली होती. वहिनीने तो उलगडला, इस्त्री फिरवली, उजेडात धरला. उत्तरं वाचता येत होती. दुसऱ्या दिवशी सरांची सही झाली.

पेढा मला सगळ्यात शेवटी मिळाला.

"म्हणजे एकशे एकोणचाळीस पत्रकं वाटलीस," वहिनी म्हणाली, "आणि पुन्हा वापर केला एकाच व्यक्तीनं. तोही लेखिकेनं, न वाचता. ज्योती, आमच्या संशोधनात असा प्रतिसाद बाद धरतात."