कुशाबाईनं भुंग्याला थांबायला शिकवलं

कुत्र्यानं कुठं आणि कधी मुतावं याचाही अभ्यास असतो, हे कुशाबाईला पासष्टी उलटल्यावर कळलं. कुत्री काय तिनं कमी पाहिली होती? मेंढरांच्या वाड्यात जन्म, मेंढरांच्याच वाड्यात लग्न. वाडा म्हणजे चिरेबंदी नव्हे हो. माळावर जाळी लावून उभा करायचा आणि सकाळी उचलला की घोडीच्या पाठीवर मावायचा, असला वाडा. त्यात कुत्रं कुठं बसलं, कुठं उठलं, याचा हिशोब कोण ठेवणार? सगळा मुलूख त्याचाच.

दिवाळी झाली की कवठे येमाईहून निघायचं, घाट उतरून कोकणात जायचं आणि पावसाच्या आधी माघारी फिरायचं. नवरा गेणबा मेंढरं घेऊन पुढं. कुशाबाई मागं, घोडीवर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबड्या. पायात काटा मोडला तरी गेणबा मागं वळून बघायचा नाही. “मेंढरू थांबत न्हाई, मग माणूस कसा थांबंल?” हे त्याचं ठरलेलं. लेकाच्या, माऊलीच्या वेळेस ती घाटाच्या अलीकडं एका शेतकऱ्याच्या गोठ्यात बाळंत झाली, तर वाडा तिला तिथंच ठेवून पुढं गेला. ओली बाळंतीण पोराला झोळीत घालून मागनं गेली आणि वाडा गाठला. त्यावर गेणबा म्हणाला काय, तर “आलीस व्हय? चूल पेटीव.”

पुढं मेंढरं विकली, रानात कांदा लावला, माऊली शिकला आणि रांजणगावच्या कंपनीत लागला. गेणबा दोन वर्षांपूर्वी गेला. गेला तोही तसाच. सकाळी चहा प्यायला, दुपारी नव्हता. “आताबी पुढंच गेलं, थांबलं न्हाईत,” असं कुशाबाई म्हणाली आणि मग पुष्कळ रडली.

माऊलीनं आईला शिरूरला आणलं. दवाखान्यात गुडघे दाखवले, तर डॉक्टर म्हणाले, जिने टाळा. आता काय बोलावं! माऊलीचा भाड्याचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्टच्या नावानं शिमगा. मग कुशाबाई वरच बसून राहिली. लेक शिफ्टला, सून प्रतिभा पतसंस्थेत. दिवसभर भिंतींशी बोलायचं, आणि भिंती काही व्हय म्हणत नाहीत.

म्हणून गावच्या जत्रेला गेली तेव्हा पुतण्याच्या दारातलं एक पिल्लू तिनं उचललं. त्यांच्याच वाड्यावरच्या कुत्रीच्या वंशातलं, काळंभोर. पदराखाली घेऊन एसटीत बसली. कंडक्टरनं विचारलं, “मावशी, पदरात काय?” तर म्हणाली, “लेकरू हाय. निजलंय. वराडू नगंस.” त्याचं नाव ठेवलं भुंग्या.

भुंग्यानं आल्या आल्या जिना भिजवला. आणि जिना कुणाचा? तर खाली राहणाऱ्या घरमालक सोपानरावांचा, म्हणजे सगळ्यांच्या आप्पांचा. सोपानराव एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. फंडाच्या पैशातून इमारत बांधलेली आणि जिन्याला पांढरी शुभ्र फरशी. ती ते रोज सकाळी स्वतः पुसायचे. माणूस वाईट नाही, पण फरशीपुढं त्यांना बायको दिसायची नाही. दोनदा त्यांनी मुकाट पुसलं. तिसऱ्या खेपेला फडकं हातात धरून वर आले.

“ताई, आता पुन्हा झालं तर कुत्रं गावाला धाडायचं. जिन्यात झालं काय आन् खोलीत झालं काय, फरशी माझीच हाय.”

कुशाबाईचा पारा चढायला काय लागतं? “कुत्रं गेलं तर मीबी जाती!”

झालं. शब्द तोंडातून गेला की कुशाबाई तो माघारी घेत नाही, हे सगळ्या भावकीला ठाऊक. सोपानराव खाली गेले आणि ती हिशोब करायला बसली. गावच्या घराला कुलूप. तिथं एकटीनं राहायचं म्हणजे गुडघे धरून उंबऱ्यावर बसायचं. इथं निदान संध्याकाळी लेक-सून दिसतात, प्रतिभा डोक्याला तेल लावून देते. हे सोडून जायचं तिच्या जिवावर आलं होतं. पण भुंग्याला सोडून राहायचं त्याहून जिवावर आलं होतं. तेव्हा एकच वाट उरली. भुंग्यानं थांबायला शिकायचं.

प्रतिभानं मोबाइलमध्ये बघितलं. “आत्या, पिल्लू लहान आहे, त्याला जास्त धरवत नाही. आधी तासातासाला खाली न्यायचं. मग जमेल तशी वेळ थोडी थोडी वाढवायची.”

“तासातासाला? माझं गुडघं काय त्या मोबाइलचं हायेत? उंटावरनं शेळ्या हाकायचा धंदा निसता!” असं म्हणाली खरी, पण उठली. कठड्याला धरून, एकेका पायरीला “आई गं” म्हणत खाली. भुंग्या साखळी ओढत पुढं. जिन्याच्या वळणापर्यंत आला की त्याला दम निघायचा नाही. मग पदरानं पायरी पुसायची, खाली जायचं आणि पुन्हा वर यायचं. पहिल्या आठवड्यात गुडघे ठणकले तरी थांबता येईना, तेव्हा तिला गेणबाची आठवण झाली.

पण बाई हुशार. घड्याळ तिला कळायचं, पटायचं नाही. तिनं आपली कामं लावली मापाला. आधी एक परात भांडी घासून होईस्तोवर थांबायचं. ते जमलं की भांडी आणि भाकरी. मग भांडी, भाकरी आणि लसूण सोलणं. भुंग्या फरशी हुंगत गोल गोल फिरायला लागला की माप संपायच्या आधीच उचलायचा आणि पळायचं. पळायचं म्हणजे तिच्या गुडघ्यांना जमेल तसं. झोपून उठला की न्यायचा, खाऊन झालं की न्यायचा. चुकला तर मारायचा नाही. “मारून काय व्हतंय? मारलं की आन् जास्त मुततंय,” हे तिला कुणी मोबाइलमध्ये सांगावं लागलं नाही.

आणि तिनं आपली एक युक्ती लावली. वाडा हलायच्या सकाळी घोडीवर बिऱ्हाड लादायच्या आधी गेणबा घोडीजवळ उभा राहून दातांच्या फटीतून लांबलचक शिट्टी घालायचा. घोडी लगेच पाय फाकून मोकळी व्हायची. मग ओझं चढवायचं. म्हणजे वाटेत थांबून खोटी नको. बाईमाणसानं शिट्टी घालू नये म्हणतात, म्हणून कुशाबाईनं जन्मात कधी घातली नव्हती. पण इमारतीमागच्या मोकळ्या प्लॉटमध्ये बघायला होतं कोण? तिनं पदर तोंडावर ओढला आणि शिट्टी घातली. पहिल्यांदा नुसतीच हवा आली. मग जमली. अगदी गेणबाची शिट्टी! तिच्या अंगावर काटा आला.

भुंग्याला चारसहा दिवसांत कळलं. शिट्टी झाली की बसायचं, मोकळं व्हायचं, की भाकरीचा तुकडा. आता प्लॉटमध्ये हुंगत फिरणं नाही, खोळंबा नाही. वेळही वाढत चालली. भांडी-भाकरी सोडाच, सकाळी मोकळा केलेला भुंग्या दुपारची झोप काढून उठेपर्यंत कोरडा राहायला लागला. जिना तर स्वच्छच. कुशाबाईनं आळीत सांगायचं कुणाला ठेवलं नाही. “मोबाइलवाल्यांनी यावं माझ्याकडं शिकाया!”

पण फार मिरवू नये म्हणतात ते उगाच नाही. घरात एक भलतंच सुरू झालं. दिवसभर धड राहणारा भुंग्या नेमका सैपाकाच्या वेळेला फरशीवर बसून मोकळा व्हायचा. आधी सगळीकडंच ओलं व्हायचं, तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. आता बाकीचं थांबलं आणि हे एवढं उरलं. आत्ता खाली नेऊन आणला असला तरी तेच. प्रतिभाला वाटलं, दुखणं असेल. जनावरांच्या दवाखान्यात नेलं, तर डॉक्टर म्हणाले, ठणठणीत आहे. माऊली म्हणाला, “आये, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच.” त्यावर माऊलीला त्या दिवशी वाढलं गेलं नाही.

अशात एका रविवारी सोपानराव वर आले. जिना पंधरा दिवस कोरडा दिसतोय म्हणून खूश होते. म्हणाले, “ताई, चहा पाजा. जमवलंत तुम्ही.”

कुशाबाई फुगली. “आप्पा, सकाळधरनं थांबलाय त्यो. माणसाला जमायचं न्हाई.”

“जेवूनच जा आप्पा,” म्हणत प्रतिभानं डाळ-भाताचा कुकर चढवला. भुंग्या सोपानरावांच्या पायाशी हनुवटी टेकून पडला होता. सोपानराव त्याच्या कानामागं खाजवायला लागले. सगळं कसं झकास चाललं होतं. आणि कुकरची शिट्टी झाली.

भुंग्या टुणकन उठला. त्यानं कुशाबाईकडं बघितलं, सोपानरावांच्या परीटघडीच्या पायजम्याजवळ बसला आणि सकाळपासून थांबवलेलं सगळं त्यांच्या पायावर मोकळं केलं. मग शेपूट हलवत कुशाबाईपुढं येऊन उभा राहिला.

“बास!” सोपानराव ओरडले. “आजच्या आज गावाला! एक शब्द ऐकायचा न्हाई मला.”

कुशाबाई फडकं आणायला उठली. भुंग्या मात्र हलेना. तिच्या हाताला नाक लावून उभा. भाकरीचा तुकडा मागत होता तो! तेवढ्यात कुकरची दुसरी शिट्टी झाली. भुंग्या परत बसला. आत काही उरलं नव्हतं, तरी कुंथून कुंथून त्यानं एक थेंब काढला आणि पुन्हा तुकडा मागायला आला.

“आगं बया बया बया!” कुशाबाईनं कपाळावर हात मारला. “आप्पा, त्याची चूक न्हाई, माझी हाय! ह्यो हुकूम पाळतोय वो!”

“कुणाचा हुकूम? कुकरचा?”

आता सांगून पटणार नव्हतं. सून समोर, लेक समोर, परका माणूस समोर. कुशाबाईनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि दातांच्या फटीतून लांबलचक शिट्टी घातली. भुंग्या बिचारा तिसऱ्यांदा बसला. एक थेंबही निघेना, तर कावराबावरा होऊन सगळ्यांच्या तोंडाकडं बघायला लागला.

माऊलीचा चेहरा उतरला. “आये, ही तर आबांची शिट्टी,” तो म्हणाला.

सोपानराव ओल्या पायजम्यानिशी तसेच उभे होते. आधी त्यांचं पोट हललं, मग मिशा हलल्या. “इतकी वर्सं गाडी चालवली,” ते म्हणाले, “पण बेल दिल्याबरोबर असा ब्रेक आपल्याच्यानंबी लागला न्हाई! दिवाळीपत्तर बघू, ताई. पण ही शिट्टी मोडा.”

शिट्टी मोडायची म्हणजे करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं झालेलं सगळं पुन्हा पहिल्यापासून शिकवायचं. कुशाबाईला वाईट वाटलं. गेणबाची तेवढी एकच चीज तिच्या तोंडात उरली होती, तीही सोडायची.  मग एका सकाळी प्लॉटमध्ये जाऊन तिनं मेंढरं हाकतात तशी “हुर्रर्र” अशी हाळी दिली. ही तिची स्वतःची होती, मागं राहिलेली कोकरं गोळा करायची.

कुकर काही दिवस माळ्यावर गेला. डाळ पातेल्यात शिजायला लागली आणि प्रतिभा गॅसच्या नावानं बोटं मोडायला लागली. भुंग्याला हाळी कळल्यावर कुकर खाली आला. शिट्टी झाली आणि भुंग्या जागचा हलला नाही, की लगेच तुकडा. हलला, तर तुकडा नाही. सुरुवातीला बिचाऱ्याचा फार गोंधळ व्हायचा. शिट्टी झाली की अर्धा बसायचा आणि तसाच वाकडा राहून विचार करायचा. मग हळूहळू तेही सुटलं.

दिवाळीच्या तोंडावर थंडी पडली आणि कुशाबाईचे गुडघे धरले. त्या दिवशी घरात अनारशाचा वास, गॅसवर कुकर. शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या. भुंग्यानं कान टवकारले, तोंड फिरवलं आणि पडून राहिला. बऱ्याच वेळानं उठला, दाराशी जाऊन उभा राहिला. सकाळपासून त्याला कुणी खाली नेलं नव्हतं. कुशाबाई तशीच उठली. तिनं साखळीही लावली नाही, दार उघडलं आणि कठडा धरला.

भुंग्या एका दमात वळणापर्यंत गेला. पूर्वी इथंच व्हायचं. खाली सोपानराव पणत्यांसाठी कोनाडा पुसत होते. त्यांनी मान वर करून बघितलं.

भुंग्या वळणावर उभा राहिला आणि मागं वळून बघायला लागला. कुशाबाई एक पायरी उतरली, “आई गं” म्हणाली. दुसरी उतरली. तो हलला नाही. ती वळणावर आल्यावर तो पुढच्या चार पायऱ्या उतरला, परत थांबला आणि परत वर बघायला लागला.

“जा की मुडद्या! तुला घाई हाय न्हवं? जा पुढं!”

भुंग्या मागचे पाय घट्ट आवळून, थरथरत तिथंच उभा.

कुशाबाई मटकन पायरीवर बसली. डोळ्यांतून धारा लागल्या. सोपानराव फडकं टाकून धावले. “काय झालं ताई? गुडघा?”

“गुडघा न्हाई वो आप्पा,” ती पदरानं डोळे पुसत म्हणाली. “जल्मभर मागनं चालले. नवरा थांबला न्हाई, वाडा थांबला न्हाई, बाळंत झाले तवा बी कुणी थांबलं न्हाई. आन् ह्यो बघा. मुताया चाललंय लेकरू, तरी माझ्यासाठनं थांबलंय.”

 सोपानरावांनी खाली जाऊन फाटक सताड उघडलं आणि ते धरून उभे राहिले.

“या सावकाश,” ते म्हणाले. “आमी थांबलोय दोघं.”