अक्काचा बठ्ठा

"अक्का हुशार होत्या हो, पण वर्गापुरत्या. मूळ संशोधन सगळं सरांचं."

माझ्या मागच्या रांगेतल्या एक प्राध्यापिका शेजारणीला हे सांगत होत्या, तेव्हा स्टेजवर अक्काच्या फोटोला हार घातला जात होता. धुळ्याच्या ज्या कॉलेजात ती नोकरीभर गणित शिकवत राहिली, त्याच कॉलेजच्या हॉलमधली शोकसभा. मी कोण ते त्या बाईंना माहीत नव्हतं, आणि मीही वळून सांगितलं नाही. अनोळखी माणसांसमोर माझं तोंड उघडत नाही हे आमच्या घरात सगळ्यांनी मान्य करून टाकलंय. पण त्या दिवशी मी लाजेनं गप्प नव्हते. मी सरांची वाट बघत होते.

सर पुण्याहून येणार होते, मुख्य वक्ते म्हणून. त्यांचं नाव मी या लेखात लिहिणार नाही. नाव कसं वगळायचं, हे त्यांच्याकडूनच शिकलेय.

अक्का म्हणजे पप्पांची मोठी बहीण. नात्यानं माझी आत्या, पण सगळं गाव अक्का म्हणायचं म्हणून मीही. बातमी आली तेव्हा मी जळगावात, ऑफिसात होते. पप्पा फोनवर एवढंच म्हणाले, "अक्का गेली." दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. धुळ्याच्या बसमध्ये पारोळा मागे पडलं तरी मला रडू येईना... स्मृतिलेखात दुःखाबद्दल लिहायचं असतं हे मला कळतं. दुःख होतंच. पण त्याच्या आधीपासून आत एक राग बसला होता आणि तो जागा सोडायला तयार नव्हता.

अक्काचं माहेर नरडाण्याच्या पुढे, शिंदखेडा तालुक्यात. तिची भाषा अहिराणी. माझी शाळा जळगावची, इंग्रजी माध्यमाची, आणि घरात मम्मीचा कटाक्ष शुद्ध मराठीवर. त्यामुळे सुटीत सगळी भावंडं धुळ्याला जमली की मी म्हणजे करमणूक. मी ‘हाई मन्हं शे’, म्हणजे हे माझं आहे, एवढं अहिराणीत बोलायचा प्रयत्न केला तरी ती हसून लोळायची. "ओ मॅडम, आखो एकदाव बोल ना!" असं दोन-तीनदा झाल्यावर मी तो नाद सोडला. अक्का मात्र कधी हसली नाही. ती माझ्याशी मराठीत बोलायची, मध्येच एखादा शब्द तिचा सुटायचा, तेवढंच.

एकदा पप्पांनी जळगावहून केळी नेली होती. अक्कानं ती पदराखाली झाकली आणि मला म्हणाली, "पाच-पाचचे वाटे केले तर दोन उरतात. सात-सातचे केले तर तीन. सांग बरं, बठ्ठा किती?" मी पदर उचलून मोजायला गेले तर हातावर चापट बसली. "मोजायचं नाही, कुटायचं!" मग फरशीवर खडूनं तिनं मला कुट्टक दाखवला. मोठ्या संख्येला लहान संख्येनं भागायचं, जी बाकी उरेल तिनं पुन्हा त्या लहान संख्येला भागायचं, असं कुटत कुटत संख्या बारीक करत न्यायच्या आणि मग उलट चढत वर यायचं. आर्यभटानं ही रीत सांगितली, पुढच्यांनी तिला कुट्टक हे नाव दिलं, ब्रह्मगुप्तानं ती पुढे नेली, भास्कराचार्यांनी घासूनपुसून लख्ख केली. भागाकारांची जी उभी ओळ तयार होते तिला जुने लोक वल्ली म्हणायचे, म्हणजे वेल. अक्कानं त्या वेलीच्या उजव्या बाजूला स्वतःची एक ओळ काढली. वर चढताना प्रत्येक पायरीला एकूण किती जमलं, ते त्या ओळीत लिहीत जायचं. चूक झाली तर कुठे झाली ते लगेच दिसतं. अशी ओळ तिला कुठल्याच जुन्या ग्रंथात सापडली नव्हती. ती तिची होती. ओळ पूर्ण करून ती म्हणाली, "सतरा. हाऊ बठ्ठा." मग पदर काढला. सतराच केळी होती.

मला तो गणितातलाच शब्द वाटला. गुणाकार, भागाकार, वल्ली, बठ्ठा.

पुढे ती मला पाटणादेवीला घेऊन गेली, चाळीसगावच्या पुढे, डोंगरात. तिथल्या देवळातल्या शिलालेखासमोर ती कितीतरी वेळ उभी होती. भास्कराचार्यांच्या नातवानं तो कोरवला, आजोबांचा अभ्यास चालू राहावा म्हणून. "आधी सगळ्या पूर्वजांची नावं सांगितलीत बघ," ती म्हणाली. "आजोबाही तसेच. बीजगणित संपवताना ब्रह्मगुप्त, श्रीधर, पद्मनाभ यांची नावं घेऊन गेले. पद्मनाभाचं बीजगणित आज कुठेच सापडत नाही. पण तो होता हे आपल्याला माहीत आहे. का? भास्करानं नाव घेतलं म्हणून. एवढं केलं तरी माणूस उरतो." मी दगडाचा फोटो काढला. फोटोत कोपऱ्यात तिच्या साडीचा काठ आलाय.

मी बारावीनंतर रिकामी होते त्या सुटीत तिनं आपलं काम मला सांगितलं, आणि मी ते इंग्रजीत उतरवून टाइप केलं. कुट्टकाचा आर्यभटापासून भास्कराचार्यांपर्यंतचा प्रवास, आणि शेवटी तिची ती उजवीकडची ओळ. ती पोळपाटावर हात चालवत सांगायची, मी लिहायचे. "मग बठ्ठा काढायचा" हे वाक्य आलं, तेव्हा मी त्या शब्दाला हात लावला नाही. संस्कृत संज्ञा असणार असं समजून रोमन लिपीत तशीच ठेवली, तिरक्या अक्षरांत, मोठ्या मानानं. अक्कानं कागद वाचला आणि तिला इतकं हसू फुटलं की डोळ्यांना पदर लावावा लागला. "अगं येडी, बठ्ठा म्हणजे सगळं! एकूण! आपल्या घरातलं बोलणं ते!" मी ओशाळून खोडायला गेले, तर तिनं माझा हात धरला. "ऱ्हाऊ दे. एवढ्या आचार्यांच्या पंगतीत आपला पण एक शब्द बसू दे."

ते लिखाण तिनं सरांना दिलं. तिनं पीएचडीसाठी नाव नोंदवलं होतं तेव्हा ते तिचे मार्गदर्शक होते. ते धुळ्याला आले की जेवायला अक्काकडेच असायचे. मी एकदा वाढत होते. शेवभाजीचा रस्सा दुसऱ्यांदा मागून घेत ते म्हणाले, "अक्का, लेख वाचला. दर्जा नाही हो. ठेवून द्या. आणि जरा शुद्ध बोलत जा, तुमच्या गणितालासुद्धा अहिराणीचा वास येतो." अक्का हसली आणि त्यांना आणखी रस्सा वाढला. माझ्या हातात भाकरीची दुरडी होती. मला ती कुठे ठेवायची ते सुचेना.

नंतर सरांचं इंग्रजी पुस्तक आलं. त्यांनी स्वतः सही करून अक्काला पाठवलं, सप्रेम. तिचा मला फोन आला तेव्हा ती हसत होती. "बठ्ठा छापाई गया, बेटा!" मी धुळ्याला जाऊन पुस्तक पाहिलं. तेच प्रकरण, माझीच वाक्यं, माझ्या कच्च्या इंग्रजीला जरा इस्त्री केलेली. अक्काचं नाव नाही, आभारांतही नाही. आणि शेवटी तो शब्द, तिरक्या अक्षरांत. सरांनी तो नुसता ठेवला नव्हता, त्याची व्युत्पत्ती दिली होती. ‘बद्ध’ या संस्कृत शब्दापासून आलेली दुर्मीळ प्राचीन संज्ञा, बांधून ठेवलेली संख्या.

मी म्हटलं, आपण लिहू, सगळ्यांना सांगू. ती म्हणाली, "गणित खरं आहे ना? मग झालं. बाई भांडखोर म्हणून मला नाव मिळवायचं नाही." मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. त्यानंतर तिनं फरशीवर कधी कुट्टक काढला नाही, हे मी पाहिलंय. दिवाळीत शेवटची भेटले तेव्हा मी तो विषय पुन्हा काढला. ती कळण्याची भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "मी आहे तोवर गप्प राहा."

मी आहे तोवर... मी ते शब्द नीट लक्षात ठेवले.

सर हॉलमध्ये आले ते उशिरा. फोटोला फूल वाहिलं, चष्मा पुसला. अक्का किती साध्या, किती सुगरण, त्यांच्या हातची शेवभाजी, हे सगळं झालं. मग म्हणाले, "माझ्या कुट्टकावरच्या कामात त्यांना फार कुतूहल. विशेषतः प्राचीन आचार्यांच्या ‘बत्था’ या संज्ञेबद्दल त्या मला पुन्हा पुन्हा विचारायच्या."

बत्था. त्यांनी तो शब्द फक्त माझ्या टायपिंगमध्ये पाहिला होता, आणि रोमन लिपीत ठ आणि थ सारखेच दिसतात. कधी ऐकलाच नव्हता. इतकी वर्षं अक्काच्या घरी जेवून तिचं बोलणं त्यांच्या कानात शिरलं नव्हतं.

मी उभी राहिले. "सर, त्या शब्दाचा अर्थ सांगाल?"

त्यांना बरं वाटलं. मला बाळ म्हणाले. बद्धपासून सुरुवात करून त्यांनी सगळं समजावलं, अगदी पुस्तकातल्यासारखं. मी त्यांना शेवटपर्यंत बोलू दिलं. घाई नव्हती.

"सर, तो शब्द रोमन लिपीत मी लिहिला होता," मी म्हटलं. "अक्का सांगत होती आणि मी टाइप करत होते. उच्चार बत्था नाही. बठ्ठा."

मग मागून कुणाचा तरी आवाज आला, "आरे, बठ्ठा म्हणजे बठ्ठा! आपला बठ्ठा!" आणि हॉल हसला. शोकसभेत असं हसू नये, पण हसला. शिंदखेड्याकडून आलेली, अक्काच्या हाताखाली शिकलेली माणसं हसली, शिपाईमामा हसले, माझ्या मागच्या बाईसुद्धा हसल्या आणि मग एकदम थांबल्या. त्यांना हिशेब लागला असावा. सरांनी पाण्याचा ग्लास उचलला. "हा भाषिक योगायोग..." ते म्हणाले आणि ग्लास तसाच खाली ठेवला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मला दया आली नाही. येईल असं वाटलं होतं, पण नाही आली.

अक्काचा फोटो त्यांच्या मागे होता. मी त्याच्याकडे बोट केलं आणि लहानपणानंतर पहिल्यांदाच, इतक्या माणसांसमोर, माझ्या मोडक्या उच्चारांत म्हणाले, "हाई बठ्ठं तिन्हं शे."