अंतरपाटाआड मुकर्रर

तमाम सज्जनांना अत्यंत गांभीर्यानं जाहीर करण्यात येतं की, प्रस्तुत गृहस्थानं वयाच्या चौदाव्या वर्षी लातुरात, भर मांडवात, एका वधूवरांना अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना कोंडून ठेवलं होतं. हत्यार म्हणून स्वतः रचलेलं मंगलाष्टक वापरलं. वधू माझी थोरली बहीण होती.

निजामाचं राज्य होतं. मी नांदेडला मामाकडे राहून शिकत होतो; घरात मराठी, शाळा उर्दूतून. आमचे मौलवीसाहेब वर्गात उभं करून शेर म्हणायला लावत. ओळ आवडली की ऐकणारा ‘मुकर्रर’ म्हणणार, म्हणजे पुन्हा होऊ द्या. मग आपण सलाम करून ती पुन्हा म्हणायची. नाही म्हणणं ही बेअदबी. वर्गातून मला पहिलं मुकर्रर मिळालं त्या दिवशी मी जेवलोच नाही. भूगोल गेला खड्ड्यात, जन्मभर हेच करायचं, हे त्या दुपारी ठरलं.

बहिणीचं लग्न उन्हाळ्यात होतं. वराचे वडील अहमदपूरचे, मुहूर्ताला फार कडक. वेळ टळली तर वऱ्हाड उठेल, असं त्यांनी आदल्या दिवशीच बजावलेलं. गुरुजींनी घंगाळातल्या पाण्यात घटिकेची वाटी सोडली होती; ती बुडताच शेवटचं ‘सावधान’ व्हायला हवं.

शेवटचं कडवं माझं होतं. मी पाटावर चढलो. समोर खुर्चीत तहसीलदारसाहेब. वडील त्यांच्याच कचेरीत पेशकार. साहेब हैदराबादचे, मराठी बेताचीच कळायची, पण माझी ढब त्यांना ओळखीची वाटली असावी. तिसऱ्या ओळीला ते डोलले आणि म्हणाले, “मुकर्रर.”

मी सलाम केला, ओळ पुन्हा म्हटली. पुन्हा मुकर्रर. साहेब म्हणाले म्हणून मागून सगळे कारकूनही म्हणाले. आता वाटतं, साहेबही माझ्यासारखेच अडकले होते. मी सलाम करतोय म्हणजे पोरगं आणखी दाद मागतंय, असा त्यांचा समज. ते दाद देतायत म्हणजे थांबता येत नाही, असा माझा.

वाटी बुडाली. गुरुजी माझा सदरा ओढू लागले. मी वडिलांकडे पाहिलं, तर ते साहेबांकडे पाहून कसनुसं हसत होते. पुढे साहेब, मागे अंतरपाट, दोन्ही अंगांना माणसांची भिंत. अंतरपाट धरून हात भरून आलेले मामा मला डोळ्यांनी दटावू लागले. वराचे वडील पगडी सावरत उठले. सगळं दिसत होतं; आणि खोटं कशाला सांगू, गळा मात्र खुशीत होता. पाचवं मुकर्रर आलं. माझा हात आपोआप कपाळाकडे गेला.

लग्न लागेपर्यंत नवरीनं तोंड उघडायचं नसतं. अंतरपाटाआडून माझ्या बहिणीनं उघडलं:

“गाढवा, आता सावधान म्हण! मुकर्रर काय करायचं ते माझ्या पोराच्या मुंजीत कर.”