शिवानीच्या गळ्यातलं

“गळ्यातलं लिंग काढलं म्हणं पोरीनं! काढून एका चिन्याच्या हातात दिलं. अन् मग पुढं तर...”

इतक्यात गिरणीवाल्यानं बटन दाबलं, अन् पुढचं सगळं ज्वारीबरोबर दळून गेलं. कमलबाईचे ओठ हलताना दिसत होते, ऐकू काही येत नव्हतं. गिरणी थांबली तेव्हा कमलबाई डबा उचलून निघून गेलेली! अर्धी बातमी पोटात घेऊन मी घरी आले. त्या दिवशी आमच्याकडं वरणात मीठ दोनदा पडलं.

आमच्या लातूरच्या गल्लीचं असंच आहे. घरातलं एखादं माणूस परदेशी गेलं की त्याच्या मागं किस्से साठायला लागतात. माणूस तिकडं एक दिवस जगतं, इकडं त्याचे चार दिवस होतात. शिवानी चीनला जाऊन दोन वर्षं झाली. या दोन वर्षांत तिच्याबद्दल मी जेवढं ऐकलं, तेवढं जगायला तिला तीन जन्म लागतील.

शिवानी म्हणजे बसप्पाअण्णांची एकुलती एक लेक. अण्णांची छोटी डाळमिल आहे. त्यांची अन् माझी भिंत एक. भिंतीला कान असतात म्हणतात; आमच्या भिंतीला माझे आहेत, हे मी मान्य करते. पण मी ऐकलेलं जसंच्या तसं सांगते. कमलबाईसारखी त्याला फोडणी देत नाही!

* * *

पोरगी जायला निघाली तेव्हाची गोष्ट. तिची कंपनी डाळ निवडायच्या मशिनी बनवते. पट्ट्यावरून दाणे पळतात, कॅमेरा त्यातला काळा दाणा टिपतो अन् मशीन फुंकर मारून तो बाहेर उडवते. आपल्याकडच्या कितीतरी मिलांत त्या मशिनी आहेत. मिलवाल्यांशी बोलायला त्यांना आपल्याकडचा इंजिनियर पाहिजे होता. शिवानीला नोकरी लागली.

अण्णांचे थोरले भाऊ निलंग्याला असतात, त्यांना सगळे मोठे आप्पा म्हणतात. ते पहिल्या एसटीनं आले अन् पिशवी खाली ठेवायच्या आत सुरू झाले.

“बसप्पा, पोरगी पुण्याला धाडली तवाच म्हणलो होतो मी! आता चीन? तिथं साप खातात, साप!”

शिवानी पाणी घेऊन आली. म्हणाली, “आप्पा, मी साप खायला न्हाई, डाळ निवडायला चालले.”

आप्पांनी पाणी घेतलं नाही. चुलत पुतण्याला दुबईला नोकरी लागली तेव्हा ह्याच आप्पांनी गल्लीभर पेढे वाटले होते. तिथं काय खातात ते त्यांनी विचारलं नव्हतं!

* * *

महानंदावहिनी, म्हणजे शिवानीची आई. तिनं लेकीच्या बॅगेत दोन किलो येसर भरलं. येसर म्हणजे धान्यं अन् मसाले भाजून दळलेली पूड. पाण्यात कालवून उकळलं की आमटी तयार. एकटी पोरगी, शाकाहारी, तिकडं काय खाणार, म्हणून.

तिकडच्या विमानतळावर तपासणीवाल्यानं डबा उघडला. तपकिरी पूड. त्यानं वास घेतला अन् लागोपाठ तीन शिंका दिल्या. मग त्यानं आणखी दोघांना बोलावलं, तेही शिंकले. शिवानीनं काय करावं? चिमूटभर येसर त्यांच्यासमोर तोंडात टाकलं.

“हे औषध आहे का?” साहेबानं विचारलं.

“हो.”

“कशावर?”

“भुकेवर!”

साहेब हसला, डबा परत मिळाला. इतकी साधी गोष्ट. ही गोष्ट महानंदावहिनीनं भाजीच्या गाड्यावर हौसेनं सांगितली. आठ दिवसांनी ती माझ्याकडं परत आली ती अशी: “कळलं का नलूमावशी? शिवानीला चीनच्या पोलिसांनी पावडरीसकट धरलं!”

पावडर! अगं, ते येसर दळायला तूच गिरणीत नंबर लावला होतास ना, कमलबाई? संतापानं माझ्या तोंडून शब्द फुटेना. अन् माझ्या तोंडून शब्द न फुटणं म्हणजे काय, ते आमच्या ह्यांना विचारा.

* * *

हा किस्सा मला फार आवडतो.

कंपनीत तुरीचं सॅम्पल आलं. मशिनीनं पास केलं, साहेबांनी पास केलं. शिवानीनं एक दाणा उचलला, दाताखाली धरला अन् म्हणाली, “ही तूर ओली आहे. पोत्यात भरली की दोन महिन्यांत किडंल.”

साहेब लोक एकमेकांकडं बघायला लागले. ओलावा मोजायचं मीटर आणलं, तर पोरीचं खरं निघालं!

ही विद्या कॉलेजातली नाही. शाळा सुटली की ती मिलमध्ये अण्णांजवळ जाऊन बसायची. अण्णा तिच्या दाताखाली दाणा ठेवायचे. “चव नको बघू. आवाज ऐक. कट्ट वाजला की वाळलेला. नुसता दबला की ओला.” सात-आठ वर्षांची असेल तेव्हा. आता कंपनीत म्हणे नियमच पडलाय. आधी शिवानीचा दात, मग मीटर.

अण्णांनी हे मला सांगितलं नाही. पण त्या दिवशी मिलवर येणाऱ्या प्रत्येक माणसाला चहा मिळाला.

यावर कमलबाईनं काय म्हणावं? “डाळच चावायची होती तर लातुरात काय कमी होती?”

तिच्या नवऱ्याची, सदाभाऊंची, तऱ्हा अजून न्यारी. सकाळी उठले की चिनी मालावर बहिष्कार टाका म्हणून सगळ्या गल्लीला मेसेज. अन् शिवानी सुट्टीला येणार कळल्याबरोबर मला म्हणतात, “मावशी, तुमच्या शब्दाला मान हाय तिथं. तिला म्हणावं, हजामतीचं मशीन घेऊन ये. तिकडलं चांगलं असतंय.”

मी म्हणलं, “सदाभाऊ, तुमचा बहिष्कार दाढीच्या वर हाय का खाली?”

* * *

आता त्या लिंगाचं. मी लिंगायत नाही, पण पंचवीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहिले, तेवढं कळतं. त्यांच्यात मूल जन्मलं की महाराज येऊन त्याला लिंग बांधतात. चांदीच्या डबीत घालून दोऱ्यानं गळ्यात. ते मरेपर्यंत अंगावरच राहतं. सकाळी आंघोळ झाली की डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, मगच तोंडात घास. ते जमिनीला टेकवायचं नाही अन् दुसऱ्या कुणाच्या हातात तर द्यायचंच नाही.

म्हणून शिवानी सुट्टीला आली अन् कमलबाईचं गिरणीतलं बोलणं तिच्याआधी गल्लीभर फिरलं, तेव्हा मी जाईन तिथं कान लावला. चौकात ऐकलं: पोरीनं धर्म सोडला. दूधवाल्याकडं ऐकलं: त्या चिन्याशी लग्न केलं. दुपारपर्यंत तिला एक मूलही झालं होतं! पोरगी घरी येऊन तीन दिवस, अन् पोर म्हणे चालायला लागलं!

ही गोष्ट निलंग्याला पोचायला एसटीसुद्धा लागली नाही. आप्पा आले. त्यांनी अण्णांना काय सांगितलं ते भिंतीतून स्पष्ट ऐकू आलं. “पासपोर्ट कपाटात ठेव अन् किल्ली मला दे. आधी खरं काय ते कळू दे. न्हाईतर पोरगी आता जात न्हाई.”

गुरुवारचं तिकीट होतं. गुरुवारी विमान चुकलं तर नोकरी जाणार, हे शिवानी रडत सांगत होती. अण्णांनी पासपोर्ट कपाटात ठेवला. थोरल्या भावाचा शब्द त्यांनी जन्मात मोडला नव्हता.

मला राहवलं नाही. विरजणाची वाटी घेऊन मी गेले. शिवानी स्वयंपाकघरात एकटीच बसली होती. दोरा गळ्यात होता, डबीही होती. मी सरळच विचारलं, “काढलं होतंस का ग?”

“हो, मावशी.”

“अन् दिलंस?”

“हो.”

“का?”

तिनं मान खाली घातली. “ते मी न्हाई सांगू शकत. शब्द दिलाय.”

मी विरजण न घेताच परत आले. मला राग आला होता. पोरीचा नव्हे. एवढ्या लहान जिवाला गप्प बसवणारं कोण आहे, त्याचा!

* * *

मंगळवारी सकाळी बैठक बसली. आप्पा, अण्णा अन् त्यांच्या घराण्याचे महाराज. मला कुणी बोलावलं नव्हतं. पण त्यांच्याकडं कप कमी पडणार हे मला ठाऊक होतं, म्हणून सहा कप घेऊन मी गेले, अन् कप परत न्यायचे म्हणून तिथंच थांबले.

आप्पांनी कोर्टासारखं सुरू केलं.

“लिंग काढलं होतंस?”

“काढलं होतं.”

“चिन्याच्या हातात दिलंस?”

“दिलं.”

“किती वेळ?”

“तीन तास.”

आप्पा महाराजांकडं वळले. “ऐकलंत? आता काय ऐकायचं राहिलं?”

“माझं राहिलंय.”

महानंदावहिनी दारात उभी होती. लग्न होऊन आल्यापासून आप्पांसमोर तिनं पदर सावरण्यापलीकडं काही केलेलं मी पाहिलं नाही. आप्पांना आधी कळेचना, आवाज आला कुठून.

“पोरीचं ऑपरेशन झालं,” ती म्हणाली. “दिवाळी झाल्यावर. अपेंडिक्स फुटायला आलं होतं. डॉक्टर म्हणला, अंगावर काही ठेवायचं न्हाई. दंडाला बांधते म्हणली ती, तरी न्हाई. सामान ठेवायला कप्पा दिला, त्यात खाली तिच्या चपला! तिनं मला फोन लावला. मी म्हणलं, चपलांजवळ ठेवलंस तर याद राख. कुणाच्या तरी हातावर दे. डावा हात. खाली टेकवायचं न्हाई. मीच सांगितलं, आप्पा. पोरीनं न्हाई ठरवलं, मी ठरवलं.”

अण्णा उभे राहिले. “अन् मला?”

“तुमच्या छातीत गेल्या सालीच दोन स्प्रिंगा बसवल्यात. तुम्हाला सांगून मी दोघांना दवाखान्यात घालू? पोरीकडनं मीच शब्द घेतला, बापाला बोलायचं न्हाई म्हणून.”

आता मला सगळं कळलं. ऑपरेशनच्या दिवशी वहिनी गच्चीवर जाऊन फोनवर बोलत असणार अन् पलीकडच्या गच्चीवर कमलबाई कपडे वाळत घालत असणार. कपडे संपले असतील, ती खाली गेली असेल. अर्धं ऐकून! मी असते तर धुतलेले कपडे पुन्हा धुतले असते, पण पूर्ण ऐकूनच खाली गेले असते!

महाराजांनी हळूच विचारलं, “टेकवलं तर न्हाई ना कुठं?”

“तीन तास व्हिडिओवर मी बघत होते, महाराज. पाणीसुद्धा प्यायली न्हाई ती. नाक खाजलं तर खांद्याला घासलं. हात हलवला न्हाई.”

“ती?” आप्पा म्हणाले. “ती कोण?”

शिवानीनं फोन लावला अन् टीपॉयवर तांब्याला टेकवून उभा केला. पडद्यावर एक म्हातारी आली. पांढरे आखूड केस, अंगात कापसाचं जाड जाकीट, सत्तरीची तरी असेल. तोंडात घास होता.

“हा चिन्या,” शिवानी म्हणाली. “माझ्या खालच्या मजल्यावर राहते. मी किती वाजता आले, काय शिजवलं, घरी कोण आलं, सगळं तिला ठाऊक असतं. रात्री मी कण्हत होते ते तिनंच छतातून ऐकलं, अन् दवाखान्यात नेलं.”

का कुणास ठाऊक, सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

म्हातारीनं घास गिळला. एकेकाचं तोंड निरखलं. आप्पांचा पटका, महाराजांच्या कपाळावरची विभूती, डोळ्याला उपरणं लावलेले अण्णा, दारात पदर धरून उभी वहिनी. तिचा चेहरा एकदम गंभीर झाला. ती पडद्यावरून निघून गेली. नळाचं पाणी पडल्याचा आवाज आला, बराच वेळ. परत आली ती कोऱ्या टॉवेलला हात पुसत. ताठ बसली, डावा तळहात सरळ आमच्यासमोर धरला अन् तिच्या भाषेत काहीतरी विचारलं.

शिवानीला हसू आवरेना, अन् रडूही.

“काय म्हणती ती?” अण्णांनी विचारलं.

“ती विचारती, आज कोणाचं ऑपरेशन आहे?”

अण्णांनी आप्पांकडं बघितलं नाही, नुसता त्यांच्यापुढं हात पसरला, अन् आप्पांनी कनवटीची किल्ली काढून त्यावर ठेवली.

“सांग तिला,” अण्णा म्हणाले, “कुणाचंच न्हाई. म्हणावं हात खाली घे, माय. पोरगी गुरुवारी निघालीय.”