होल्डमध्ये राहिलेले अण्णा

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. धाराशिवकडून तरुणपणी इकडे आले, आधी चिखलीतल्या एका वर्कशॉपमध्ये राबले आणि नंतर चाकणच्या कारखान्यात भट्टीवर लागले ते कायमचे. त्यांच्याबरोबर त्याच भट्टीवर काम करणारे एक गृहस्थ वारले, तेव्हा मी आणि अण्णा त्यांच्या घरी भेटायला गेलो. खुर्चीवर हार घातलेला फोटो ठेवला होता. फोटोत त्या गृहस्थांच्या अंगावर काळा कोट होता आणि गळ्यात लाल टाय. स्टुडिओवाले असं करतात. माणसाचा एकट्याचा फोटो घरात नसला, की कुणाच्यातरी लग्नातल्या घोळक्यातून त्याचा चेहरा उचलतात आणि संगणकात तयार असलेल्या कोटावर बसवतात. मान आणि कॉलर यांच्यात एक बारीक रेघ राहते. ती मला दिसली, अण्णांनाही दिसली असावी.

 परत येताना अण्णा माझ्या स्कूटरवर मागे बसले होते. सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाले, "जलमभर निळा शर्ट घातला त्या माणसानं. टाय कुठून आला? माझं असलं काही करू नगंस, माय. एक नीट फोटो काढून ठेव माझा. एकट्याचा."

मी म्हटलं, फुल फ्रेम कॅमेरा घेणारच आहे, त्यातला पहिला फोटो तुमचाच. अगदी मनापासून म्हटलं होतं, आणि तिथेच माती खाल्ली.

फोनवर काढला असता तर दोन मिनिटांचं काम होतं. पण मला फोटोतलं कळतं अशी माझी समजूत होती. सुट्टीच्या दिवशी मी ओळखीपाळखीतली डोहाळजेवणं, बारशी, साखरपुडे शूट करायचे, मैत्रिणीचा जुना कॅमेरा मागून. हॉलमध्ये दिवे मंद असले की त्यातले चेहरे वाळू टाकल्यासारखे दिसायचे. मोठ्या सेन्सरचा, म्हणजे फुल फ्रेम कॅमेरा कमी उजेडातही चेहरा नीट धरतो, आणि लोकांना आता फोटोबरोबर व्हिडिओही हवाच असतो. तेव्हा दोन्हीला चालेल आणि माझ्या पगारात बसेल असा एक शोधायचा होता. हौसच दांडगी होती, दुसरं काय.

स्वस्त आणि फुल फ्रेम हे दोन शब्द एकत्र आले की कुठेतरी कात्री लागलेली असते. एका कॅमेऱ्याचे फोटो सुरेख, पण व्हिडिओ लावला की चौकटीच्या कडा गायब. दुसऱ्याचा व्हिडिओ झकास, पण उन्हात तापून मध्येच बंद पडणार. तिसऱ्यात सगळं होतं, पण त्याच्या लेन्सची किंमत ऐकून आई म्हणाली, एवढ्यात तुझं लग्न उरकेल.

मी चाकणलाच एका सुट्या भागांच्या कंपनीत क्वालिटीला आहे. आमच्याकडे कुठलीही वस्तू डोळ्यांनी पसंत करत नाहीत. एक मास्टर पीस असतो, त्याच्याशी ताडून बाकीचे तपासायचे. पास झालेला हिरव्या डब्यात, नापास झालेला लाल डब्यात, आणि ठरवता येत नसेल तर पिवळ्या डब्यात, होल्डवर. लाल डब्यातला माल हातोडा मारून मोडून टाकतात, नाहीतर तो चुकून चांगल्यात मिसळतो. हे सगळं माझ्या हाडीमासी इतकं मुरलं होतं, की कॅमेरेही मी असेच तपासायला घेतले. तुलना करायची तर समोरची वस्तू प्रत्येक वेळी तीच हवी. मी अण्णांना मास्टर पीस केलं.

आमच्या कंपनीला सुट्टी गुरुवारची, अण्णांनाही. भाड्याचे पैसे जमले आणि पाऊस नसला, की मी एक दिवसासाठी कॅमेरा आणायची. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत प्लास्टिकची खुर्ची टाकायची आणि अण्णांना बसवायचं. रंग ताडता यावेत म्हणून शर्ट तोच हवा, निळा, कंपनीचा. आई तो बुधवारी धुऊन ठेवायची. अण्णा सकाळी दाढी करायचे, डोक्याला पाणी लावून भांग पाडायचे आणि मी वर जायच्या आधीच खुर्चीत जाऊन बसलेले असायचे. मला वाटायचं, हौशी आहे म्हातारा. पण मी तपासणी करत होते आणि ते दर वेळी फोटो काढून घ्यायला येत होते. इतकी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नाही.

मी काय बघत होते? कानाची कड, भुवईचे केस, शर्टाची शिवण. रात्री लॅपटॉपवर फोटो मोठा करून करून मी त्यांच्या चेहऱ्याचे तुकडे बघायची. कोपऱ्यात जरा मऊपणा दिसला की नापास. अण्णा विचारायचे, आला का नीट? मी म्हणायची, कॅमेरा नापास. एकदा ते हसून म्हणाले, "कॅमेरा नापास झाला का मी?" माझं लक्ष पडद्यावर होतं.

आणि नापास झालेल्याचं काय करतात ते वर सांगितलंच आहे. दर वेळी मी ते सगळे फोटो पुसून टाकायची आणि लॅपटॉपमधली कचऱ्याची टोपलीही रिकामी करायची. उगाच चांगल्यात मिसळायला नकोत.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. सहा कॅमेरे झाले. थंडीत एका सकाळी अण्णा कंपनीच्या बसची वाट बघत स्टॉपवर उभे होते, तिथेच खाली बसले. बरोबरच्या माणसांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. मी पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. अंगावर तोच निळा शर्ट होता, आणि मी वेड्यासारखी त्याच्या वरच्या बटणाकडे बघत राहिले, कारण ते बटण मला पाठ होतं.

दुसऱ्या दिवशी काकांनी फोटो मागितला. मी फोन पालथा घातला. एकात अण्णा पाठमोरे, एकात अर्धे, एकात कुणाच्यातरी डोक्यामागे. कॅमेऱ्यातली जाणकार समजतात लोक मला, आणि बापाचा एक धड फोटो माझ्याजवळ नव्हता. शेवटी आधार कार्डावरचा निघाला. काका तो घेऊन चौकातल्या स्टुडिओत गेले आणि तासाभरात फ्रेम घेऊन आले. काळा कोट, लाल टाय. मानेपाशी ती रेघ.

काकांना काय बोलणार? भाऊ चांगला दिसावा म्हणूनच त्यांनी केलं होतं. तेरा दिवस लोक त्या टायला हात जोडत होते आणि मी स्वयंपाकघरात तोंड लपवत होते. अण्णांनी आयुष्यात माझ्याकडे एवढी एकच गोष्ट मागितली होती.

दोनेक महिन्यांनी मी कॅमेरा घेतला. एका डोहाळजेवणाचं काम आधीच कबूल केलेलं होतं. घेतला तो सेकंडहॅण्ड, आणि कुठला घेतला ते सांगायचीही लाज वाटते. अगदी पहिल्या गुरुवारी आणलेला, कोपऱ्यातल्या मऊपणासाठी नापास केलेला. त्याचे फोटो छान येतात. तेव्हाही छानच आले असणार.

नव्या कामासाठी लॅपटॉपवर जागा करत होते, तेव्हा होल्ड नावाचा फोल्डर दिसला. माझाच, विसरलेला. आत एकच फाइल होती. फोकस जरा हलतो, पण आवाज स्वच्छ, म्हणून मला ठरवता आलं नव्हतं. अकरा सेकंदांचा व्हिडिओ. अण्णा खुर्चीत बसले आहेत. रंग जुळवायला दिलेला पांढरा कागद त्यांनी छातीशी धरला आहे. ते तो मांडीवर ठेवतात, लेन्सच्या बाजूला, म्हणजे माझ्याकडे बघतात आणि म्हणतात, "तू लहान होतीस नं माय, तवा एकदा आपण..."

मग माझा आवाज येतो. "अण्णा, बोलू नका. फोकस जातोय."

ते लगेच तोंड मिटतात. ताठ बसतात, लेन्सकडे बघतात आणि शेवटपर्यंत हलत नाहीत.

त्या शेवटच्या सेकंदांतली एक चौकट काढून मी मोठी छापून घेतली. कोटाची फ्रेम उतरवली, निळ्या शर्टाची लावली. भेटायला येणारे म्हणतात, किती शांत दिसतात अण्णा. मी मान हलवते. ते शांत नाहीत, मी त्यांना गप्प केलंय, हे कुणाला सांगू?

तो व्हिडिओ आईला दाखवला तेव्हा ती रडली नाही. तिने एवढंच विचारलं, "तवा एकदा काय? पुढं काय म्हनले?" मी म्हटलं, मी बोलू दिलं नाही. तिला वाटलं आपल्याला तरी आठवेल, म्हणून तिने मी लहान असतानाचं काय काय आठवून पाहिलं. तुळजापूरची जत्रा, माझं विहिरीच्या काठावर जाणं, गावाहून इकडे येतानाचा टेम्पो. त्यातलं कुठलं, ते आम्हाला कळणार नाही.

आता तो व्हिडिओ तिच्या फोनवर आहे. रात्री भांडी झाली की ती दारात बसून लावते. स्वयंपाकघरात मला अण्णांचा आवाज येतो, तू लहान होतीस नं माय, तवा एकदा आपण. आणि तिथे ती बोटाने थांबवते, रोज नेमक्या त्याच जागी, माझा आवाज यायच्या आत.