मुशीच्या तेलातली विलायती

चिंचणीला होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा एक महापुरुष माझी जुनी, उघड्या टपाची विलायती गाडी सांभाळतो. म्हणजे मला तिच्याजवळ फिरकू देत नाही. मी लंडनहून मागवलेलं दुरुस्तीचं पुस्तक उघडलं की विचारतो, "यात खारा वारा कुठं लिवलाय?" आणि त्याच्यावर तेलकट पाना ठेवतो.

गाडीला तो होडीच म्हणतो. परवा गंज लागू नये म्हणून त्याने, मला विचारण्याची तसदी न घेता, लाकडी होडीला लावतात तसं मुशी माशाचं तेल तिला खालून चोपडलं. तेव्हापासून बोईसरच्या बाजारात मला मांजरांचा बंदोबस्त मिळतो. रविवारी बायकोला शेजारी बसवून मिरवावं म्हणून ही गाडी घेतली होती. बायको आता रिक्षाने मागून येते.

बायकोच्या रिक्षाचं गाऱ्हाणं घेऊन मी तणतणत त्याच्याकडे गेलो. तो शांतपणे गाडीखाली शिरला, त्याने मलाही वाकून बघायला लावलं आणि बाहेर आला.

"गंज हाय?"

"नाही. पण वास?"

"वासाचं काय, सायेब. माझी बायको याच वासात नांदते. तिला कोणी रिक्षा नाय बोलावली."